हन्नेचे अश्रू आणि मनाचे आरोग्य

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:१–२८, २:१–११ व १८–२१
सोबत वाचावे : स्तोत्र ६२; स्तोत्र ८८; मार्क १४:३२–४२; २ करिंथ १:३–७
सुवर्णवचन : स्तोत्र ६२:८ (वर्गाने आपापल्या पवित्र शास्त्रातून पाठ करावे)

मंडळीत कोणाचा हात मोडला की दुसऱ्याच दिवशी चार घरची माणसे डबा घेऊन भेटायला जातात. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करतात आणि प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी विचारपूस होते. परंतु कोणाचे मन मोडले तर? ज्याचा तरुण मुलगा वारला, जिचा संसार मोडला, ज्या जोडप्याला वर्षानुवर्षे मूल नाही, ज्याला उघड कारण नसताही सकाळी उठावेसे वाटत नाही, अशी माणसे आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी बसून गीते गात असतात आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते. कळलेच, तर आपण घाईघाईने म्हणतो, "रडू नका, विश्वास ठेवा, देवाची इच्छा होती."

हे शब्द कोणी वाईट हेतूने बोलत नाही. तरीपण ते ऐकून पुष्कळांनी आपले दुःख मंडळीपासून लपवायला सुरुवात केली आहे, आणि काहींनी तर उपासनेला येणेच सोडले आहे. म्हणून या महिन्याच्या पाठासाठी आम्ही हन्नेचा वृत्तांत घेतला आहे. शब्बाथ शाळेत आपण तो बहुधा शमुवेलाच्या जन्माची गोष्ट म्हणून शिकवतो. या वेळी तो हन्नेच्या मनाच्या आरोग्याचा वृत्तांत म्हणून वाचू या.

१. सणाच्या दिवशी उघडणारी जखम (१:१–७)

एलकाना हा एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशातला देवभीरू गृहस्थ. तो दरवर्षी आपल्या कुटुंबासह शिलो येथे परमेश्वराची उपासना करावयास जात असे. त्याला दोन स्त्रिया होत्या. पनिन्नेला मुले होती, हन्नेला नव्हती. यज्ञाच्या जेवणात पनिन्नेला व तिच्या मुलाबाळांना वाटे मिळत, आणि त्याच पंक्तीत हन्नेचे रिकामे घर सर्वांच्या डोळ्यांत भरत असे. पनिन्ना तिला टोचून बोले. एकदा नव्हे, दरसाल. आणि कोठे? परमेश्वराच्या मंदिराला जाताना!

ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. हन्नेची जखम घरापेक्षा उपासनेच्या ठिकाणी अधिक उघडत असे. आपल्या मंडळ्यांतही असेच घडते. नाताळच्या कार्यक्रमात, बाप्तिस्मा विधीत, मातृदिनाच्या उपासनेत, लग्नाच्या पंगतीत, जेथे इतरांना आनंद होतो तेथेच एखाद्या बहिणीचा श्वास कोंडतो. त्यात कोणीतरी हसत विचारते, "काय मग, अजून काही नाही का?" आपली मंडळी लहान असली, सर्व एकमेकांच्या नात्यातले असले, म्हणजे तर असा प्रश्न चुकवायला जागाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट. परमेश्वराने तिची कूस बंद केली होती असे शास्त्र म्हणते, परंतु तिने काही पाप केले म्हणून तसे झाले असे एका अक्षरानेही म्हणत नाही. जे शास्त्राने म्हटले नाही ते आपणही कोणा दुःखी माणसाला म्हणू नये.

२. प्रेमळ माणसाचे अपुरे सांत्वन (१:८)

एलकानाचे हन्नेवर प्रेम होते, यात शंका नाही. त्याने तिला ओळीने चार प्रश्न विचारले. का रडतेस? का जेवत नाहीस? मन का खिन्न झाले आहे? दहा पुत्रांहून मी तुला अधिक नाही काय? प्रश्न चार, परंतु उत्तरासाठी तो थांबला असे दिसत नाही. शेवटच्या प्रश्नात तर त्याने आपले उत्तर आधीच घालून ठेवले आहे. हन्नेने त्याला काही उत्तर दिल्याचे लिहिलेले नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण एलकाना आहोत. आपल्या माणसाचे अश्रू आपल्याला बघवत नाहीत म्हणून ते लवकर थांबावेत असे आपल्याला वाटते. मग आपण त्याला जे आहे त्याची यादी वाचून दाखवतो. नवरा चांगला आहे, घर आहे, नोकरी आहे. हे सर्व खरे असते. पण एका गोष्टीने दुसरीची जागा भरून निघत नाही, आणि दुःखी माणसाला हे कळत असते. रोमकरांस पत्रात (१२:१५) रडणाऱ्यांबरोबर रडण्याची आज्ञा आहे. त्यांचे रडे थांबवण्याची आज्ञा तेथे नाही.

३. ओतून टाकलेले मन (१:९–१५)

आता हन्नेने काय केले ते पाहू. ती उठली आणि परमेश्वरापुढे गेली. तिचा जीव कडू झाला होता असे मूळ इब्री भाषेत म्हटले आहे. मवाबाहून रिकाम्या हाताने परत आलेल्या नामीने आपले नाव मारा ठेवा म्हणून सांगितले (रूथ १:२०), ते नाव आणि हन्नेच्या कडू जिवाचा शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. हन्नेने हा कडूपणा घरी ठेवला नाही, गोड शब्दांत गुंडाळलाही नाही. ती फार रडली, आणि रडत रडतच तिने प्रार्थना केली.

तिने नवस केला हे खरे. मात्र आपल्याकडे नवस बोलणे व फेडणे म्हणतात त्या व्यवहारासारखा तो नव्हता. काम झाले तर अमुक वस्तू वाहीन असे तिने म्हटले नाही. जो पुत्र ती मागत होती तोच तिने देवाला देऊन टाकला. ज्या इच्छेने तिला इतकी वर्षे जाळले तीच तिने देवाच्या हाती सोपवली.

पुढे एलीशी बोलताना आपण काय करीत होतो ते ती स्वतःच सांगते. परमेश्वरापुढे मी आपला जीव ओतला, असा तिच्या बोलण्याचा अर्थ आहे. ओतणे हा पाण्याचा शब्द आहे. याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, हन्नेचा पुत्र शमुवेल मोठा होऊन इस्राएल लोकांना मिस्पा येथे पश्चात्तापासाठी जमवतो, तेव्हा लोक पाणी काढून परमेश्वरापुढे ओततात (७:६). तेथेही तोच इब्री शब्द आहे. आईने अश्रूंनी जे केले तेच पुढे राष्ट्राने पाण्याने केले! भांडे ओतले म्हणजे तळाचा गाळही बाहेर येतो. प्रार्थनेतही तसेच आहे. आपण पुष्कळदा वरचे निवळलेले पाणी तेवढे देवापुढे ठेवतो आणि राग, हेवा, लाज व निराशा हा गाळ तळाशी राखून ठेवतो. मन आंबते ते त्या गाळाने.

कोणी म्हणेल, देवापुढे असे बोलणे अविश्वासाचे नव्हे काय? त्याने स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. तिच्यातील सुमारे तिसरा हिस्सा विलापाच्या स्तोत्रांचा आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी स्तुतीचा एक शब्दही येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ते रचणारा अंधारातूनही देवालाच हाक मारीत होता, आणि यालाच विश्वास म्हणतात.

४. एलीची चूक व एलीचे आशीर्वचन (१:१२–१७)

मंदिराच्या दाराशी एली याजक बसला होता. हन्नेचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एलीला वाटले, ही द्राक्षारस पिऊन आली आहे, आणि तो तिला बोलला. आधीच जखमी असलेल्या स्त्रीला देवाच्या सेवकाकडून आणखी एक घाव! ती रागाने निघून गेली असती तर तिला कोण दोष देणार होते?

हन्नेने मात्र नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले की आपण दारू प्यालेली नाही, दुःखाने व्याकूळ झालेली स्त्री आहोत. आणि एलीच्या बाजूनेही एक चांगली गोष्ट लिहिलेली आहे. त्याने आपला शब्द तेथेच मागे घेतला. तुला काय दुःख आहे, काय मागितलेस, अशी त्याने चौकशी केली नाही. तिची विनंती काय आहे हे तिने त्याला सांगितल्याचे आपण वाचत नाही. ती ठाऊक नसताही त्याने तिला शांतीने जाण्यास सांगून आशीर्वाद दिला. पाळक, वडीलजन व भगिनी मंडळातील बहिणी यांनी हे शिकण्यासारखे आहे. कोणाचे मन हलके होण्यासाठी सारी हकीकत आपल्याला कळलीच पाहिजे असे नाही, आणि कळली तर ती आपल्यापाशीच राहिली पाहिजे.

ज्या स्त्रीला याजकाने मद्यपी ठरवले तिची प्रार्थना पुढे प्रार्थनेचा कित्ता ठरली. ओठ हलवून, आवाज न काढता प्रार्थना करण्याची आपली रीत यहूदी गुरूंनी हन्नेवरूनच घेतली. यहूदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हाच वृत्तांत वाचला जातो.

शिलो येथील उपासना काही निर्दोष नव्हती. एलीचे पुत्र हफनी व फिनहास हे यज्ञाचे मांस लुबाडणारे याजक होते (२:१२–१७). तरी देवाने हन्नेचे तेथेच ऐकले. ज्यांना मंडळीकडून दुखापत झाली आहे त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, माणसांच्या चुकीमुळे देवाचे कान बंद होत नाहीत.

५. तिचा चेहरा केव्हा पालटला? (१:१८–२०)

आता पाठाचे मर्म. अठराव्या वचनात आपण वाचतो की हन्ना आपल्या वाटेने गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा तसा उदास राहिला नाही. शमुवेलाचा जन्म विसाव्या वचनात आहे. म्हणजे चेहरा पालटला तेव्हा तिची कूस रिकामीच होती. पनिन्ना होती, तिची मुलेही होती, घरी परतल्यावर तेच आयुष्य होते. बाहेरचे काही बदलले नव्हते. जे दुःख ती एकटी वाहत होती ते आता देवाने ऐकले होते, एवढाच फरक झाला होता.

या दोन वचनांत दोन निरनिराळी आरोग्ये आहेत. विसाव्या वचनात परिस्थिती पालटते, अठराव्या वचनात अंतःकरण. आपण शिकवताना या दोहोंची गल्लत केली तर फार नुकसान होते. "हन्नेसारखी प्रार्थना करा म्हणजे मूल होईल" असे आपण सांगितले आणि मूल झाले नाही, तर त्या बहिणीच्या पदरी दोन दुःखे पडतात. मूल नाही हे एक, आणि माझा विश्वास खोटा ठरला हे दुसरे. पौलानेही आपल्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि कृपा मिळाली (२ करिंथ १२:७–९). परिस्थिती पालटणे देवाच्या हाती आहे. त्याच्यापुढे मन ओतणाऱ्याला तो टाकत नाही, हे मात्र आपण निःशंकपणे शिकवू शकतो.

हे एका दिवसात होते असेही म्हणू नये. हन्ना दरसाल शिलोला जात होती. त्या दिवसाआधी ती किती वर्षे रडून परतली असेल, ते लिहिलेले नाही. आणि शमुवेलाला देवाला वाहिल्यावरही आईचे मन रिकाम्या घरात परतलेच. ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे (२:१९). झगा शिवताना मुलगा यंदा किती वाढला असेल याचा तिला अंदाजच करावा लागत असेल. बऱ्या झालेल्या मनातही वियोगाला जागा असते.

६. ज्याच्या हातांवर व्रण आहेत

हन्नेच्या वृत्तांतावर आपण थांबू शकत नाही, कारण आपला प्रभूही याच वाटेने गेला. गेथशेमाने बागेत तो फार कष्टी झाला आणि आपल्या मनाची अवस्था त्याने शिष्यांपासून लपवली नाही. प्याला टळावा म्हणून त्याने मागितले, पण प्याला टळला नाही. त्याने मोठा आक्रोश करीत व अश्रू गाळीत प्रार्थना केल्या, असे इब्री लोकांस पत्रात आहे (५:७). लाजराच्या कबरेपाशी, त्याला उठवणार हे माहीत असताही, तो रडला. मग आपल्या अश्रूंची लाज आपण का धरावी?

आणि पुनरुत्थानानंतर? मृत्यूवर जय मिळवलेल्या त्या देहावर खिळ्यांचे व भाल्याचे व्रण होते. तेच त्याने थोमाला दाखवले (योहान २०:२७). ख्रिस्ती माणसाचे आरोग्य असे असते. व्रण राहतात, पण त्यांतून आता मरण वाहत नाही. एवढेच नव्हे, ते दुसऱ्याचा विश्वास उभा करण्याच्या कामी येतात.

७. केडगावची साक्ष

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण यांचा मृत्यू त्यांनी डोळ्यांनी पाहिला. १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती. पंचविशीही न गाठलेली ती विधवा आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता, आणि अंतःकरणाची ती शांती पुढे कित्येक वर्षांनी लाभली. एवढ्या विदुषीलाही वेळ लागला, आणि तो लागला हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवा आणल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर उजाड केले, तसल्याच दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली वाचवल्या. देव आपले सांत्वन करतो ते आपण दुसऱ्यांचे करावे म्हणून, असे पौल लिहितो (२ करिंथ १:४). ते वचन केडगावी लोकांनी चालते-बोलते पाहिले. तरी दुःख संपले नव्हते. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या आणि १९२२ च्या एप्रिलात रमाबाईही प्रभूकडे गेल्या. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ साली संपूर्ण छापून निघाले.

८. प्रार्थना आणि औषध

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. झोप न लागणे, भूक मरणे, आठवडेच्या आठवडे कशातच मन न रमणे, जगू नये असे वाटणे, ही आजाराची लक्षणे असू शकतात. मधुमेहाच्या गोळीने जसा विश्वास कमी होत नाही, तसा मनाच्या डॉक्टरांकडे गेल्यानेही होत नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने प्रथम त्याला झोपू दिले, दूताकरवी भाजलेली भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. बोलणे त्यानंतर झाले (१ राजे १९:४–१३). देहाची काळजी घेणे हेही देवाचेच काम आहे. प्रार्थनेसाठी कोणाचे औषध बंद करण्याचा सल्ला मंडळीत कोणीही देऊ नये.

भारत सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही राज्यातून, दिवसा वा रात्री, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मंडळीच्या सूचना फलकावर लावून ठेवावा. आणि कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलून दाखवले तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना व डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस

लहान वर्गास गोष्ट सांगताना झगा शिवण्याचा प्रसंग जरूर सांगावा, मुलांना तो आवडतो. एक वाटी पाणी घेऊन हळूच ओतून दाखवावे आणि म्हणावे, "मनातले सगळे देवाला असेच सांगायचे, रागसुद्धा, भीतीसुद्धा." कोणत्याही मुलाला त्याचे दुःख वर्गापुढे सांगायला लावू नये. वर्गातले एखादे मूल अचानक गप्प राहू लागले, तर शिक्षकाने वर्ग सुटल्यावर त्याच्यासाठी वेळ काढावा. मूल काही भयंकर सांगू लागले तर "असे बोलू नये" असे न म्हणता शेवटपर्यंत ऐकावे आणि त्याच्या सुरक्षिततेसाठी योग्य वडील माणसास व पाळकांस कळवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. एलकाना, पनिन्ना व एली यांपैकी आपण दुःखी माणसाशी कोणासारखे वागतो?
२. आपल्या मंडळीतील कोणता कार्यक्रम कोणाला नकळत दुखवत असेल? त्यात काय बदल करता येईल?
३. अठराव्या व विसाव्या वचनांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
४. ८८ वे स्तोत्र शास्त्रात नसते तर आपली काय हानी झाली असती?
५. या आठवड्यात आपण कोणाकडे, काही सल्ला न देता, केवळ ऐकण्यासाठी जाऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, हन्नेचे न ऐकू येणारे शब्द तू ऐकलेस. आमच्या तळाशी साचलेले तुझ्यापुढे ओतण्यास आम्हांला धैर्य दे. जे मागतो ते मिळाले नाही तरी तुझ्या सान्निध्याची शांती आम्हांपासून काढून घेऊ नकोस. आमच्या शेजारी बसलेल्या दुःखी माणसाला ओळखण्यास आम्हांला डोळे दे, आणि त्याचे ऐकून घेईपर्यंत आमची जीभ आवर. ज्याच्या हातांवर व्रण आहेत त्या येशूच्या नावाने मागतो. आमेन.